दप्तर कोणाला कळते?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मालवणच्या बाजारपेठेतून एक फेरी मारली, तर अजूनही काही पेढ्यांवर लाल बांधणीच्या चोपड्या पाटावर मांडलेल्या दिसतात. पहिल्या पानावर श्री काढलेला असतो, वर हळदकुंकू वाहिलेले असते, आणि हल्ली शेजारीच संगणकाच्या पडद्यालाही झेंडूचे फूल खोचलेले असते. चोपडी आणि संगणक ह्यांची एकत्र पूजा करताना दुकानदाराला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. दोघांचे काम एकच. घडले ते टिपून ठेवायचे आणि कोणी विचारले की पुढे करायचे.

ह्यातला दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे. टिपून कोणीही ठेवील. वेळेवर सापडेल तर खरे! म्हणूनच आपल्याकडच्या हिशेबनिसांनी दोन वह्या केल्या. एक रोजकीर्द. ज्या दिवशी जे घडले ते त्या दिवसाखाली, घडले त्या क्रमाने. दुसरी खतावणी. तीच नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडलेली. रोजकीर्द विश्वासाची, खतावणी सोयीची. केवळ रोजकीर्द ठेवणाऱ्याला अमक्याकडे किती येणे आहे हे सांगण्यासाठी सगळे वर्ष चाळावे लागते, आणि केवळ खतावणी ठेवणाऱ्यावर सावकार भरवसा ठेवीत नाही.

आमच्या तालुक्यातली पुष्कळ मुले आता पुण्याला हिंजवडीत आणि मुंबईला संगणकाच्या कंपन्यांत आहेत. चतुर्थीला ती घरी आली, आरत्या आटोपल्या, की पडवीत त्यांच्या गप्पा रंगतात, आणि एक वाद हटकून निघतो. संगणकावर कार्यक्रम लिहिणाऱ्याला, म्हणजे प्रोग्रॅमरला, माहितीच्या कोठाराचे, ज्याला ती डेटाबेस म्हणतात त्याचे, आतून ज्ञान असावे की नसावे? एक पक्ष म्हणतो, नसले तरी चालेल; त्यासाठी अवजारे निघाली आहेत, ती परस्पर पाहून घेतात, आणि अगदीच अडले तर एखादा जाणकार गाठावा. दुसरा म्हणतो, ज्याला कोठार कळत नाही त्याने त्याला हात लावू नये. माझी मजल मॅट्रिकपलीकडे गेली नाही आणि संगणकाशी माझा संबंध शाळेच्या हजेरीपुरता. परंतु जुन्या कागदांचा मला नाद आहे. त्यामुळे ऐकता ऐकता वाटू लागले, की हा वाद आपल्या घरात पूर्वी होऊन गेलेला आहे.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची गोष्ट घ्या. सरदार, किल्लेदार, मामलेदार, इनामदार ह्या सर्वांचे हिशेब पुण्याला येत. नाना फडणिसांच्या काळी ह्या दफ्तरात दोनशेवर कारकून खपत असत. त्याचे दोन मोठे भाग होते. चालू वर्षाचे काम चालते दफ्तर पाही. ते थेट फडणिसांच्या नजरेखाली असे आणि त्याचेही फड, बेहडा, सरंजाम असे पोटविभाग होते. जुने झालेले हिशेब एकबेरीज दफ्तरात जात. तेथे सर्व खात्यांचे कागद एकत्र करून वर्षाच्या जमाखर्चाचा गोषवारा काढीत, त्याला तर्जुमा म्हणत, आणि बाबवार खतावण्याही बांधीत. म्हणजे अमक्या परगण्याचा वीस वर्षांपूर्वीचा वसूल किती, हा प्रश्न आला तर सगळे रुमाल सोडण्याचे कारण नाही. तर्जुमा काढला की झाले. मात्र तर्जुमा कोणता आणि तो कोठल्या रुमालात, हे एकबेरजेच्या कारकुनालाच ठाऊक. तलवारीच्या राज्यात ह्या माणसांचा रुबाब मोठा होता, तो उगीच नव्हे.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ही घडी विसकटली. कारकून गेले, कागद राहिले. 1817 साली इंग्रजांच्या हाती पुणे आले तेव्हा त्यांना मिळाले ते रुमालांचे डोंगर! आणि हा डोंगर म्हणजे काही रद्दी नव्हे, हे त्यांना लौकरच उमगले. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या इनामांची तपासणी सुरू झाली. सनद दाखवा, नाही तर जमीन सोडा. ज्याच्या घरचा कागद वाळवीने खाल्ला होता त्याचा आधार काय तो पुण्याच्या दफ्तरात, आणि ते दफ्तर सरकारच्या ताब्यात. ते वाचणारा कारकून काय काढून दाखवील त्यावर एखाद्या घराण्याची भाकरी अवलंबून. पुष्कळांच्या जमिनी गेल्या, आणि त्या रागाचा दक्षिण महाराष्ट्रातल्या सत्तावनच्या असंतोषाशी संबंध आहे, असे इतिहासकार सांगतात. दफ्तर कोणाला कळते, हा प्रश्न पंडितांच्या करमणुकीचा नाही, तो हा असा.

पुढे हेच दफ्तर इतिहासकारांच्या भांडणाचा विषय झाले. रुमालांची संख्या 35 हजारांच्या घरात, सगळी बहुतेक मोडी. राजवाडे संप्रदायाचा आग्रह असा, की अस्सल कागद शब्दशः छापावा. कोणता महत्त्वाचा आणि कोणता बिनमहत्त्वाचा हे ठरवणारे आपण कोण? स्वतः राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याच बाण्याने काढली, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मंडळींना पेशवे दफ्तर मोकळे हवे होते. सरकारने मात्र ते एका संपादकाच्या हवाली केले. हे संपादक म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविलचे गोविंद सखाराम सरदेसाई, रियासतकार. पाठीशी सल्लागार म्हणून जदुनाथ सरकार. सरदेशांनी मदतनिसांकरवी रुमाल सोडवून घेतले, निवड केली आणि 1930 ते 1934 एवढ्या अवधीत 45 भाग छापून काढले. कामाचा हा उरक पाहून आजही छाती दडपते. पुण्याच्या मंडळींनी निवडीवर टीका केली, आणि ती सगळीच मत्सराची नव्हती. एकाने निवडून दिलेले वाचणे सोपे; पण त्याने जे बाजूला ठेवले त्यात काय होते, हे त्या भागांवरून कळत नाही.

येथपर्यंतचा वाद कागदाचा. तो यंत्राकडे गेला तो साठीच्या दशकात, आणि अमेरिकेत. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या खटाटोपात यानाच्या अगणित सुट्या भागांची यादी ठेवण्याची अडचण पडली, आणि आय.बी.एम. कंपनीने त्यासाठी माहितीचे एक कोठार बांधले. त्याची रचना वंशावळीसारखी: वर मूळ पुरुष, खाली शाखा, त्याखाली उपशाखा. त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन ह्या इंजिनियराने जाळ्यासारखे कोठार विणले, एका नोंदीतून दुसरीकडे जाण्याचे धागे बांधलेले. दोन्हीकडे अट एकच. नोंद हवी असेल तर तिच्यापर्यंतची वाट प्रोग्रॅमरला पाठ पाहिजे.

बाकमनला 1973 साली ह्या शास्त्रातला सर्वांत मोठा मान, ट्युरिंग पारितोषिक, मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्याने प्रोग्रॅमरला नाव दिले ते नौका हाकणाऱ्याचे. आम्हा किनाऱ्यावरच्यांना हे समजावून सांगायला नको. तो म्हणत होता, प्रोग्रॅमर हा तांडेल आहे! मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक किती, भरतीला कोठून होडी काढावी, ओहोटीला कोणती वाट टाळावी, हे ज्याला नकाशावाचून कळते तो तांडेल. कुरटे बेटावर 1664 साली सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो ह्या खडकांचा पहारा फुकटात मिळाला म्हणूनच. परक्या जहाजाला ती वाट ठाऊक नव्हती.

ह्या तांडेलपणाला एडगर कॉड ह्या गृहस्थाने आव्हान दिले. हा मूळचा इंग्रज, महायुद्धात विमाने उडवलेला, गणिती, आणि आय.बी.एम.चाच नोकर. जून 1970 मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती आत कोठे आणि कशी ठेवली आहे हे जाणण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर असू नये, हे त्याचे म्हणणे. सगळी माहिती साध्या कोष्टकांत मांडा. वापरणाऱ्याने काय हवे तेवढे सांगावे. कोठून आणि कसे आणायचे ते यंत्राने ठरवावे. उतारूने वेंगुर्ल्याला जायचे आहे असे सांगून होडीत बसावे, खडकांची चिंता त्याने का करावी?

1974 च्या मे महिन्यात मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावी दोन्ही पक्ष समोरासमोर आले. कॉडचे लोक दाखवीत, की तुम्हाला ज्यासाठी पानेच्या पाने लिहावी लागतात ते आमच्याकडे चार ओळींत होते. बाकमनचे लोक म्हणत, चार ओळी लिहाल, पण यंत्र चुकीच्या वाटेने गेले तर संध्याकाळपर्यंत उत्तर मिळायचे नाही. आणि हे गणित कारकुनाला कळणार कसे? दोघांचेही बरोबर होते, असे आज म्हणता येते. त्याच वर्षी चेंबरलिन आणि बॉइस ह्या आय.बी.एम.च्या दोघा संशोधकांनी कॉडच्या कल्पनेवर एक सोपी भाषा रचली. तीच पुढे एसक्यूएल नावाने जगभर पसरली. 1979 साली पॅट्रिशिया सेलिंजर ह्या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनेक वाटांतून स्वस्त वाट यंत्राने स्वतःच कशी निवडावी ह्याची रीत सांगितली. होडीत यांत्रिक तांडेल बसला. मौज अशी, की आय.बी.एम.ने स्वतःच्या जुन्या धंद्याला धक्का नको म्हणून चालढकल केली, आणि त्याच 1979 मध्ये ऑरॅकल बाजारात आले ते दुसऱ्याच एका लहान कंपनीचे.

कॉडची एक अट येथे ध्यानात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे. त्याच्या कोष्टकात तंतोतंत सारख्या दोन ओळी असू शकत नाहीत. प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख देणारी खूण असलीच पाहिजे. एसक्यूएलवाल्यांनी व्यवहाराच्या सोयीसाठी ही अट सैल केली, आणि ह्यावरून कॉड त्यांच्याशी अखेरपर्यंत भांडत राहिला.

ह्यानंतरची अवजारे म्हणजे त्या यांत्रिक तांडेलावर नेमलेले दुभाषे. प्रोग्रॅमरला एसक्यूएल लिहिण्याचाही कंटाळा. त्याने आपल्या नेहमीच्या भाषेत बोलावे आणि मधल्या अवजाराने त्याचे एसक्यूएल करावे, अशी सोय निघाली. 2001 चे हायबरनेट हे त्यातले गाजलेले. सोय उत्तम; पण एक खोड तिच्यात राहिली. चाळीस खातेदारांची नावे आणि त्यांची बाकी हवी आहे, तर शहाणा कारकून दफ्तरखान्यात एकदा जाऊन दोन्ही वह्या घेऊन येईल. हा दुभाषा प्रथम नावांची यादी आणतो, आणि मग प्रत्येकाची बाकी विचारायला पुन्हा पुन्हा जातो. एकेचाळीस खेपा! चाचणीच्या वेळी तीन खातेदार असतात तेव्हा हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खातेदार लाखावर गेले की यंत्र बसते, आणि मग जाणकाराची धावाधाव होते. टेड न्यूअर्ड नावाच्या एका लेखकाने 2006 साली ह्या साऱ्या प्रकाराला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले. शिरणे सोपे, निघणे कठीण.

ह्या खेपा वाचवण्याचे काम आपल्या पवईलाही झाले आहे. तेथील आय.आय.टी.चे प्राध्यापक सुदर्शन, डेटाबेस शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या तिघा लेखकांपैकी एक, ह्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2008 च्या सुमारास, पुन्हा पुन्हा खेपा घालणारा कार्यक्रम यंत्राकडूनच पुन्हा लिहवून घेऊन एका खेपेत भागवण्याच्या रीती शोधल्या. आणि पुण्यात 1990 साली पर्सिस्टंट कंपनी काढणारे आनंद देशपांडे हेही अमेरिकेत डेटाबेसवरच प्रबंध लिहून परतलेले. हे पडवीतल्या वादात कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता तर साध्या बोलीत प्रश्न विचारला की एसक्यूएल लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. कॉडने 1974 मध्येच अशा संभाषणाचा आराखडा मांडला होता. वाटेच्या ज्ञानापुरते पाहिले तर बाकमन हरत आला आहे आणि हरत जाणार, असे मला वाटते, आणि त्याचे मला दुःख नाही. एकबेरजेच्या कारकुनाने रुमालाची जागा डोक्यात ठेवावी ह्यात माणसाच्या डोक्याचा काही मोठा गौरव नव्हता. परंतु दफ्तर कळणे म्हणजे वाट कळणे एवढेच नव्हे. रुमाल सापडल्यावर आतली ओळ काय सांगते, हे कळणे निराळे. 2023 साली जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा सरकारला मोडी वाचणारे गोळा करावे लागले. कागद कोणत्या कपाटात आहे हे सांगून भागले नसते.

आणि ओळीचा अर्थ लावण्याची खरी कसोटी पाहायची असेल तर आमच्या कोकणातला सातबारा पाहावा. गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. हक्काच्या नोंदींचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 साली आला, आणि आज त्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे ठेवल्या जातात. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना 1988-89 मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली. आपल्याकडचा त्यातला जिल्हा वर्धा. घाटावर एका सातबाऱ्यावर दोनचार नावे असतात. आमच्याकडे जमीन गुंठ्यांत, आणि नावे डझनांत. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, विधवा सुना, मुंबईला गेलेले, परत न आलेले. प्रत्येकापुढे आणे-पैत हिस्सा. आंबोली, चौकुळ, गेळे येथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचे तर त्रांगडेच. जमीन साऱ्या गावाची, आणि रकान्याला हवे नाव.

असले कागद पाहून टंकणारा मुलगा बिचारा काय करणार? त्याला गती होती, अक्षर वाचता येत होते, अवजार त्याच्या हाती होते. हस्तलिखित आणि संगणकीय सातबाऱ्यांत जागोजाग फरक पडले. ते काढण्यासाठी 2017 साली गावोगाव चावडीवाचन झाले. सातबारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे त्याने ऐकायचे. संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त होऊ लागले, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ह्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. एका उताऱ्यासाठी पूर्वी किती खेपा पडत ते ज्याने घातल्या त्याला विचारावे.

आमच्या वाडीतल्या एका वृद्धेचे प्रकरण मी जवळून पाहिले. दोन चुलतभावांना आजोबांचे एकच नाव ठेवलेले, आडनाव अर्थात एकच, आणि दोघांच्या बायकांची सासरची नावेही योगायोगाने एकच. एक देवबागची, एक आचऱ्याची. दोघी विधवा झाल्या आणि वारस म्हणून सातबाऱ्यावर एकाखाली एक चढल्या. चार खातेदार, प्रत्येकी चार आणे. संगणकावर नोंद घेताना कोणाला तरी वाटले, की हे नाव चुकून दोनदा लिहिले गेले आहे. एक ओळ गळली. पुढे आंब्याच्या कलमांचा व्यवहार निघाला तेव्हा आचऱ्याच्या बाईला सांगण्यात आले, तुमचे नाव आहेच की! होते खरे, पण ते तिच्या जावेचे होते. बेरीज बारा आण्यांचीच भरते हे यंत्राने दाखवले असते. राहिलेले चार आणे कोणाचे, हे ते कोठून सांगणार?

निवृत्त झालेल्या एका तलाठ्याने, ज्या हुद्द्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो जुना हस्तलिखित उतारा हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून नावांकडे पाहिलेच नाही. नावापुढच्या वर्तुळातले फेरफाराचे क्रमांक पाहिले. ते दोन निरनिराळे होते. गाव नमुना सहा काढून पाहिला तर दोन निरनिराळ्या मृत्यूंच्या, अकरा वर्षांच्या अंतराने झालेल्या, दोन नोंदी. कॉड ज्या खुणेसाठी आयुष्यभर भांडला ती कागदावर होती. टंकताना ती कोणी पाहिली नव्हती. कलम 155 खाली अर्ज झाला, सुनावणीच्या तारखा पडल्या, सात महिने गेले. आता त्या सातबाऱ्यावर एकच नाव दोनदा आहे, आणि प्रत्येकापुढे तिचा तिचा क्रमांक.